मागच्या सीटवरची हजेरी

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. ही भर दुपारची आहे. लख्ख ऊन होतं, आजूबाजूला माणसं होती, आणि तरीही जे व्हायचं ते झालंच. कुणाला थाप वाटली तर खुशाल वाटू दे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेलं आहे हे. काकांच्या तोंडून मी ते इतक्यांदा ऐकलंय की आजही त्यांच्या गाडीमागून जाताना माझे पाय आपोआप भरभर पडतात.

काका म्हणजे मावशीचे यजमान. शाळेच्या बसचे ड्रायव्हर. उभी हयात मुलांची ने-आण करण्यात गेली, पण एकही पोर कधी मागे राहिलं नाही. याचा त्यांना केवढा अभिमान! त्यांची एक पद्धत होती. बस सुटण्याआधी हजेरी घ्यायची. मान कायमची आखडलेली, त्यामुळे मागे वळून बघणं नाही. हात स्टिअरिंगवर, नजर समोर, आणि एकेकाचं नाव पुकारायचं. मागून "आहे!" आलं की पुढचं नाव.

"डोळे फसवतात," ते म्हणायचे. "पोरं सीटखाली लपतात, दप्तराला स्वेटर घालून बसवतात. आवाज मात्र खोटा पडत नाही."

हेच वाक्य पुढे त्यांच्या उरावर बसलं.

त्या सुट्टीत चौघं डोंगरातल्या बागा बघायला निघाले. काका, मावशी, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. धाकटीचं शाळेतलं नाव काही का असेना, घरात ती पिपाणी. सात वर्षांची, आणि आवाज असा की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात. काकांनी "पि" म्हणायचा अवकाश, मागून "आहे!" येऊन धडकायचं.

गाडी जुनी, तीन रांगांची. पुढे काका आणि मावशी. मधे थोरला, कानात हेडफोन घालून. सगळ्यात मागची सीट पिपाणीची. मागच्या काचेतून पळणारा रस्ता बघायला तिला आवडायचं. मधल्या सीटवर बॅगा रचलेल्या, त्यामुळे आरशात मागचं काही दिसत नव्हतं. पण काकांना आरसा लागतोच कशाला? त्यांचे कान होते ना.

डोंगरातला तो रस्ता प्रवाशांसाठीच सजवलेला. एक उलटं घर होतं, छताला टेबल-खुर्च्या ठोकलेल्या. मावशीला तिथेच गरगरायला लागलं. पुढे सिमेंटचा डायनासोर. त्याच्या जबड्यात कुठल्याशा पक्ष्याने घरटं बांधलेलं. पिपाणी त्याच्या पायाला मिठी मारून इतकी किंचाळली की पक्षी उडून गेला.

"अगं, त्या मेलेल्याला तरी झोपू दे," मावशी म्हणाली.

आणि मग आला एको पॉइंट.

लोखंडी कठडा, खाली खोल दरी, समोर काळा कडा. एक दुर्बीणवाला म्हातारा स्टुलावर बसलेला. लोक हाका मारत होते, दरी त्या परत पाठवत होती. काकांना लहर आली. त्यांनी कठड्याला हात टेकले आणि बसमध्ये घ्यायचे तशी हजेरी सुरू केली.

"थोरला!"

दरी म्हणाली, "थोरला... रला... ला..."

थोरल्याने लाजतच "आहे" म्हटलं. तेही परत आलं.

"पिपाणी!"

"पिपाणी... पाणी... णी..."

पिपाणीने छाती भरून श्वास घेतला आणि जीव खाऊन ओरडली, "आहे!"

दरी गप्प...

तिने पुन्हा हाक दिली. पुन्हा काही नाही. तिच्यानंतर एका पर्यटकाने शीळ घातली. शीळ परत आली.

"तुझ्यापुढे दरीनेही हात टेकले गं," काका हसले. सगळेच हसले. दुर्बीणवाला तेवढा हसला नाही. त्याने पिपाणीकडे बघितलं, मग दरीकडे, आणि फडक्याने काच पुसत बसला.

मावशीचं डोकं चढलं होतं. ती जाऊन गाडीत बसली, डोळे मिटून. थोरला मोबाईलमध्ये तोंड घालून चढला. मागचं दार आपटल्याचा आवाज काकांनी ऐकला. निदान त्यांना तसं वाटलं. त्यांनी किल्ली फिरवली आणि नेहमीप्रमाणे समोर बघून विचारलं,

"सरकार?"

"आहे हो," मावशी कण्हत म्हणाली. "चला आता."

"थोरला?"

"आहे."

"पिपाणी?"

...

"आहे!"

उत्तर जरासं थांबून आलं. दमली असेल, काका मनात म्हणाले. गाडी सुटली.

परतीच्या उताराला लागल्यावर मावशीने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "पिपाणी, भूक लागलीय का गं?"

"आहे."

"भूक आहे काय? लागलीय म्हणावं. पाणी पितेस?"

"आहे."

"बघा, तुमच्या हजेरीने पोरीला वेड लावलंय."

काका हसले. पण हसता हसता त्यांच्या मानेवर काटा आला. मागून आवाज येत होता, आणि नुसता आवाजच येत होता. पाय सीटवर आपटत नव्हते. चॉकलेटचा कागद चुरचुरत नव्हता. गाणं नव्हतं, कुरकुर नव्हती.

थोरल्याने चार्जर काढायला मागे हात घातला. मग मान वळवली. मग हेडफोन काढले.

"बाबा... पिपाणी कुठेय?"

"मागे आहे की."

"मागे कुणी नाहीये, बाबा."

"चेष्टा पुरे! पिपाणी?"

"आहे!"

रिकाम्या सीटवरून...

थोरल्याने तोंडावर हात दाबला. मावशी वळून सीटवर गुडघे टेकून उभी राहिली आणि तिने ती जागा बघितली. पिपाणीची बाहुली होती. पिपाणी नव्हती. मावशीने जी किंकाळी फोडली ती काकांच्या कानातून अजून जात नाही. "पिपाणी! अगं पिपाणी!" ती ओरडत राहिली, आणि प्रत्येक हाकेला त्या रिकाम्या जागेवरून, हसऱ्या, ताज्या आवाजात उत्तर येत राहिलं.

"आहे! आहे! आहे!"

"नाव घेऊ नकोस तिचं!" काका ओरडले. "पाया पडतो, नाव घेऊ नकोस!"

रस्ता अरुंद. एकीकडे कडा, दुसरीकडे दरी, मागे गाड्यांची रांग. खालचा नाका येईपर्यंत वळायला जागा नव्हती. लेक मागे सुटली होती आणि काकांना तिच्यापासून दूर दूरच जावं लागत होतं. हात स्टिअरिंगवर होते, पण हातात काहीच नव्हतं. कुणाच्याच वाट्याला असा रस्ता येऊ नये.

परत पोहोचले तेव्हा उन्हं कलली होती. कठड्याजवळ दुर्बीणवाला तिला मांडीशी घेऊन बसला होता. गुडघे फुटलेले, एक चप्पल गायब. काकांना बघताच ती धावली आणि त्यांच्या पोटात शिरली. अंग गदगदत होतं. पण रडण्याचा आवाज...

नव्हताच.

म्हातारा रागावला होता. "पोरगी मुकी झालीय आणि तुम्ही तिला सोडून गेलात साहेब! केवढी पळाली गाडीमागे. तोंड एवढं उघडून ओरडत होती बिचारी, पण ब्र नाही फुटला. मी डायनासोरपर्यंत धावलो, तेव्हा कुठे सापडली."

"मुकी नाहीये ती," मावशी म्हणाली. "अहो, मुकी नाहीये ती!"

म्हाताऱ्याने दरीकडे बघितलं आणि मान खाली घातली. काकांनी त्याला काही विचारलं नाही. का नाही विचारलं, याची चुटपुट त्यांना आजही आहे.

डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले. घसा ठणठणीत आहे, धक्का बसलाय, बोलेल हळूहळू. ज्या बाई तिला बडबडीसाठी वर्गाबाहेर उभं करायच्या, त्याच आता मधल्या सुट्टीत तिला जवळ घेऊन बसायच्या. शेजाऱ्यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या. आता तिला तेव्हाचे फ्रॉक येत नाहीत, मावशीच्या खांद्याला लागलीय पोरगी. बोलत नाही.

आणि गाडी बोलते.

मी ऐकलंय. एका संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये काका गाडीत नुसतेच बसलेले दिसले, म्हणून मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघत हळूच म्हणाले, "पिपाणी?" आणि मागून, अगदी मागून, सात वर्षांच्या मुलीने उत्तर दिलं. मी दार उघडून पळालो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती याची की काका तिथेच बसून राहिले आणि मी त्यांना एकटं सोडलं.

मावशीला ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. तिने अन्नपाणी सोडल्यावर काका कसेबसे विकायला तयार झाले. गिऱ्हाईक ठरलं. गाडी पोचवायला निघाले, तर पिपाणी आपणहून येऊन पुढच्या सीटवर बसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच ती त्या गाडीत चढली होती.

काकांनी किल्ली फिरवली. सवय काही जात नाही.

"पिपाणी?"

"आहे!" मागून आलं.

पिपाणीने त्यांचं मनगट घट्ट धरलं. काकांनी डोळे पुसले आणि गाडी हलवली. चाकं जरा कुठे फिरली असतील...

"बाबा! बाबा, थांबा! मी अजून बसले नाही! बाबा!"

धापा टाकणारा, धावून धावून फाटलेला आवाज. मागच्या सीटवरून.

काकांनी बाजूला बघितलं. पिपाणीचे ओठ हलत होते. तेच शब्द, त्याच वेळी, शब्दाला शब्द लावून. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडातून आवाज नव्हता.

काकांनी किल्ली काढून घेतली.

गिऱ्हाईकाने चिडून सौदा मोडला. मावशीनेही विषय सोडला. गाडी पार्किंगमध्येच आहे, चाकं बसलीत, सोसायटीवाले रोज कटकट करतात. काका सगळ्यांचं ऐकून घेतात आणि संध्याकाळी जाऊन मागची काच पुसतात. गाडी हलवा म्हटलं की त्यांचं एकच उत्तर असतं.

"एक मूल बसायचं राहिलंय."