हायडेलबर्गचे दोन दिवस

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे.

माझी मोठी मावशी सुलाबाई, तिच्या घरात घडलं. नाशिकला, इंदिरानगरात. साल एकोणीसशे पंच्याऐंशी. एप्रिलमधल्या रविवारच्या दुपारी. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. बाहेर टळटळीत ऊन होतं.

मावशी भूतखेत मानणारी बाई नव्हती. धम्माची दीक्षा घेतल्यापासून तिच्या घरात भगत, अंगारे-धुपारे सगळं बंद होतं. कुणाच्या अंगात आलं म्हणून सांगितलं की ती म्हणायची, "दोन थोबाडीत द्या, उतरंल."

अशा बाईनं मला हे सांगितलं.

सांगताना तिचा आवाज चढत होता. भीतीनं नाही... रागानं.

मावशीला दोन मुलगे. थोरला काळू, धाकटा निवृत्ती. निवृत्ती शेंडेफळ. काळूनं त्याला खांद्यावर बसवून वाढवलेला.

काळू सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. तिथं जर्मनीहून यंत्रं आली, ती बसवायला एक म्हातारा जर्मन फिटर आला. काळूनं त्याच्याकडून भाषा उचलली. घरी आला की तीच बडबड. मावशी ताटात आणखी भाकरी टाकायला गेली की तो हात आडवा धरायचा.

"नाइन, आई, नाइन!"

नाइन म्हणजे नाही. मावशीला त्या भाषेतला तेवढा एकच शब्द कळायचा.

चौऱ्याहत्तर साली कारखान्यानं एकाला दोन वर्षं जर्मनीत शिकायला पाठवायचं ठरवलं. काळूची निवड झाली. पासपोर्ट आला. मेनरोडच्या शिंप्याकडे कोट शिवायला टाकला. गल्लीत पेढे वाटले.

आणि मग एक दिवस त्याला बोलावून सांगितलं, तू नाही, रंगनाथ जाणार.

रंगनाथ मोठ्या साहेबांचा भाचा.

"तुमच्या लोकांना तिकडची हवा मानवायची नाही," एवढंच कारण दिलं.

तुमच्या लोकांना.

काळू घरी आला. जेवला नाही. त्या दिवसापासून घरात त्याचा आवाज म्हणून ऐकू आला नाही. थोड्याच दिवसांत त्र्यंबक रोडवर त्याच्या सायकलला ट्रकनं उडवलं.

दवाखान्यात मावशीनं त्याला पाहिलं तेव्हा त्याच्या दोन्ही मुठी वळलेल्या होत्या. त्या कुणालाच उघडता आल्या नाहीत. तसाच त्याला नेला.

"राग घेऊन गेला माझा लेक," मावशी म्हणाली. "मातीत घातला तरी निवला नसंल."

पुढं निवृत्तीही त्याच कारखान्यात लागला. त्याचं लग्न झालं, लता घरात आली. इंदिरानगरात दोन खोल्यांचं घर झालं. तेव्हा तिकडं वस्ती विरळ होती, चार घरं की मग शेत.

पंच्याऐंशीत निवृत्तीला जर्मनीला पाठवायचं ठरलं. सहा आठवडे. त्यात एक शनिवार-रविवार मोकळा.

सोबत जाणार होता रंगनाथ. आता तो रंगनाथ साहेब झाला होता. दोन वर्षं जर्मनीत राहून आलेला, म्हणून.

"आपण राहू तिथून जवळच हायडेलबर्ग आहे," रंगनाथ निवृत्तीला म्हणाला. "शेकडो वर्षांपूर्वीचं शहर. डोंगरावर लाल दगडाचा किल्ला, खाली नदी, तिच्यावर जुना पूल. दोन दिवसांत सगळं दाखवतो तुला. रविवारी घरी येतो, बेत करू."

निवृत्तीनं हे घरी सांगितलं आणि मावशीनं हातातलं ताट भिंतीवर फेकलं.

"तो माणूस माझ्या उंबऱ्याच्या आत येनार?"

"आई, जुनं झालं ते. आता माझा साहेब आहे तो."

"माझ्यासाठी नाय झालं जुनं!"

"मग काय करू? नाही म्हणून सांगू? दादाचं गेलं, आता माझंही घालवू?"

मावशी भिंतीपाशी गेली. तिनं ताट उचललं. त्याला पोचा पडला होता.

रविवारी रंगनाथ आला. पांढरा सफारी, अंगाला अत्तर. खुर्चीत बसला आणि टीपॉयवर नकाशा पसरला. निवृत्ती आणि लता वाकून बघायला लागले. मावशी स्टोव्हपाशी उभी राहून चहा उकळत होती. नुसता उकळत होती.

"हे स्टेशन," रंगनाथ बोट फिरवत म्हणाला. "इथून ट्रामनं गावात. ही मोठी पेठ. मग पूल. दुसऱ्या दिवशी किल्ला. मी तर त्या गल्ल्यांतून डोळे मिटून चालेन. पहिल्या दिवसापासून मला तिथली भाषा आपल्यासारखी..."

"नाइन."

आतल्या खोलीतून आवाज आला. पुरुषाचा. घोगरा.

आतल्या खोलीत कुणीच नव्हतं.

लतानं मान वर केली. "नाईन? कोण मोजतंय आत?"



रंगनाथचं बोट नकाशावर तसंच राहिलं. त्याला भाषा येत होती. तो आकडा नव्हता हे त्याला कळलं होतं.

मावशीलाही कळलं होतं.

चहा उतू गेला. स्टोव्ह विझला. तिनं खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

"शेजारचा रेडिओ असेल," निवृत्ती म्हणाला.

शेजारचं घर बांधून अजून रिकामंच होतं.

रंगनाथ लगेच उठून गेला. आता हा परत येत नाही, असं मावशीला वाटलं. पण तो पुढच्या रविवारी आला. का आला, देव जाणे. आपण घाबरलो असं हाताखालच्या पोराला वाटू नये, म्हणून असेल. आल्या आल्या तो मोठ्यानं बोलायला लागला. जरा जास्तच मोठ्यानं.

"काय मावशी, चहा नाही का आज?"

मावशी दारात उभी राहिली. पदर खोचला.

"चहा देते. आदी एक सांगा. माझ्या काळूत काय कमी व्हतं?"

"आई!" निवृत्ती ओरडला.

"तू गप. मी ह्यांना इचारते."

रंगनाथ हसला. "अहो, मीच म्हणालो होतो काळूला, तू पुढच्या खेपेला जा. त्याला जर्मन तरी कुठं येत होतं? तिकडं जाऊन फजिती..."

बाहेर ओट्यावर सायकल स्टँडला लागल्याचा आवाज झाला.

खट्.

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. ओट्यावर ऊन पडलं होतं. सायकल नव्हती.

मग वास आला. कारखान्यातल्या तेलाचा. लेथवर काम करणाऱ्याच्या कपड्यांना येतो तो. निवृत्तीच्या कपड्यांनाही यायचा, पण त्या दिवशी सुट्टी होती आणि त्यानं धुतलेला सदरा घातला होता.

बाहेर चिमण्यांचा कलकलाट चालू होता, तो एकदम थांबला.

घरात दोन खुर्च्या होत्या. एकीत रंगनाथ. दुसरी त्याच्यासमोर... रिकामी.

त्या रिकाम्या खुर्चीची वेताची बैठक करकरली आणि हळूहळू खाली दबली.

लतानं तोंडावर हात दाबला.

आणि खुर्चीतून आवाज आला. हळू, स्वच्छ. जर्मन भाषेत. प्रश्न विचारल्यासारखा.

रंगनाथ उभा राहिला. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे हात मांडीला चिकटवून. त्यानं उत्तर दिलं. पुन्हा प्रश्न. पुन्हा उत्तर. त्याच्या सफारीची पाठ घामानं भिजली होती.

निवृत्तीनं कारखान्याच्या वर्गात थोडं जर्मन शिकून घेतलं होतं. तो भिंतीला टेकून पुटपुटला, "नाव विचारतोय... कुठून आलात विचारतोय..."

तिसरा प्रश्न आला.

रंगनाथनं काहीतरी उत्तर दिलं.

"नोख माल," खुर्ची म्हणाली.

"पुन्हा सांग म्हणतोय," निवृत्ती म्हणाला.

रंगनाथनं पुन्हा सांगितलं. दुसरंच काहीतरी.

"नोख माल."

पुन्हा.

"नोख माल!"

मांडणीवरची भांडी हादरली.

"काय इचारतोय त्याला?" मावशीनं विचारलं.

"विचारतोय... कुणाच्या जागेवर आलात."

मला वाटलं होतं, ह्या ठिकाणी मावशी म्हणेल की मी घाबरले. रडले. ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "माझ्या अंगाची नुसती आग झाली. अकरा वर्सं जे मला इचारायचं व्हतं, ते माझा लेक इचारत व्हता. मी खुर्चीच्या मागं जाऊन हुबी राह्यले. म्हनलं, इचार बाळा. आजून इचार."

रंगनाथ गुडघ्यावर आला. जर्मन संपलं. तोंडाला फेस आला होता.

"काळूच्या," तो रडत म्हणाला. "काळूच्या जागेवर. मामांना मीच सांगितलं होतं, त्याला काढा, मला पाठवा. मीच."

खुर्ची गप्प झाली.

रंगनाथ उठला आणि चपला न घालता भर उन्हात पळाला. नकाशा टीपॉयवरच राहिला.

संपलं, असं सगळ्यांना वाटलं.

पण वेताची बैठक दबलेलीच होती.

मग ती खुर्ची फरशीवर घासत... सावकाश... निवृत्तीकडे वळली.

"आन् तू?"

ह्या वेळी मराठीत.

निवृत्तीला श्वास घेता येईना. त्यानं दोन्ही हात गळ्याशी नेले. त्याचे ओठ काळेनिळे पडायला लागले. लता किंचाळली.

"आन् तू? त्याच्यासंगं फिरनार? मजा करनार?"

मावशी मध्ये घुसली. खुर्चीच्या पुढ्यात, निवृत्तीला पाठीशी घालून.

"ए काळ्या!" ती अशी ओरडली की कोपऱ्यावरच्या बाया बाहेर आल्या. "लय झालं! राग त्याच्यावर, ह्याच्यावर नाय! कडेवर घेऊन फिरवलंस ना ह्याला? आता जीव घेतोस? मी आजून जिती हाय. तुला जन्म देनारी हाय मी!"

खुर्ची हलली नाही.

निवृत्ती खाली कोसळला होता.

तेव्हा मावशीच्या तोंडून ते निघालं. विचार करून नाही. पोर वाचावं म्हणून.

"तुला जायचं व्हतं ना? मंग जा! ह्याच्यासंगं जा, बघून ये ते गाव! पन माझा निवृत्ती मला परत आनून दे!"

वेत करकरला. बैठक वर आली.

बाहेर चिमण्या ओरडायला लागल्या.

निवृत्ती वाचला. गळ्यावर वळ होते, ते आठवडाभरात गेले. रंगनाथ पुन्हा घरी आला नाही. त्यानं तब्येतीचं कारण सांगून जर्मनीला जाणं रद्द केलं आणि पुढं बदली करून घेतली. निवृत्ती कारखान्यातल्या दुसऱ्या एका फिटरबरोबर गेला.

मावशीनं भगत बोलावला नाही. पण तो परत येईपर्यंत तिला घास गोड लागला नाही.

सहा आठवड्यांनी निवृत्ती आला. धडधाकट. आईसाठी शाल, लतासाठी घड्याळ.

लतानं हौसेनं विचारलं, "हायडेलबर्गला गेलात ना? किल्ला कसा होता?"

निवृत्तीचा चेहरा बदलला.

"मला काय विचारतेस," तो म्हणाला. "ह्या बाईला विचार."

आईला तो कधी बाई म्हणाला नव्हता.

मग त्यानं सांगितलं. शनिवारी सकाळी तो हॉस्टेलमधून निघाला. एकटाच. सोबतचा फिटर तापानं पडून होता. स्टेशनवर आला, गाडीत चढला, खिडकीपाशी बसला. गाडी हलली.

त्यानंतर... काही नाही.

एकदम रविवारची संध्याकाळ. तो हॉस्टेलच्या फाटकात उभा. पायांना फोड. बुटांवर लाल धूळ. तोंडात कसल्या तरी गोड पावाची चव. फाटकावरचा म्हातारा वॉचमन त्याच्याकडे बघून मनापासून हसला, त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि घडाघडा जर्मन बोलायला लागला. त्या वेगात निवृत्तीला त्यातलं काही समजेना. तो म्हातारा गोंधळला. तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाला, "काल रात्री आलास तेव्हा तर किती छान बोलत होतास! जुन्या काळच्या फिटर लोकांसारखं."

"पूल नाही आठवत. नदी नाही. किल्ल्याचा दगडसुद्धा नाही," निवृत्ती ओरडला. "माझे दोन दिवस होते ते! मी कष्टानं मिळवलेले! रंगनाथनं दादाचं हिसकावलं म्हणून तू जन्मभर बोटं मोडलीस. आणि माझं हिसकावून तू कुणाला दिलंस?"

मावशी भिंतीला टेकून बसली होती. निवृत्ती बोलत होता, आणि तिला राग येत नव्हता, वाईटही वाटत नव्हतं. तिच्या मनात एकच घोळत होतं. लाल धूळ. म्हणजे किल्ल्यापर्यंत गेला होता.

तिला राहवलं नाही.

"आवडलं का रे तुला?" तिनं हळूच विचारलं.

लता तिथंच होती. ती आजही सांगते, सासूबाई निवृत्तीच्या तोंडाकडे बघून विचारत होत्या, पण निवृत्तीला विचारत नव्हत्या.

निवृत्ती रागानं पुढं सरकला. डोळ्यांत पाणी होतं. त्यानं तोंड उघडलं...

"आवडलं, आई," तो म्हणाला. "लय आवडलं."

आणि मग स्वतःच दचकून त्यानं तोंडावर हात ठेवला.

तिचं हे सांगून झाल्यावर मी मावशीला विचारलं, "ते कोण बोललं?"

ती पदर झटकून उठली आणि आत निघून गेली. त्यानंतर मी इंदिरानगरात कित्येकदा गेलो. निवृत्तीदादा समोर बसतो, चहा पितो, कारखान्याच्या गोष्टी सांगतो. चांगला माणूस आहे.

पण तो बोलता बोलता मध्येच थांबला ना... की मला उठावंसं वाटतं.