टाकीच्या शिडीवर

ही घटना जशी घडली तशीच सांगते. यातल्या वेळा मी ताईच्या वहीतून उतरवल्या आहेत, आणि ताई वेळ कधी अंदाजाने लिहीत नाही.

पूर ओसरून तिसरा दिवस. रविवार. भर दुपार, लख्ख ऊन. अंधारात भास झाला असेल, असं म्हणायची सोय नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. नगरपालिकेच्या पाणी विभागात रसायनतज्ज्ञ. बसस्थानकामागच्या भूमिगत टाकीत पुराचा गाळ शिरला होता आणि निम्मं शहर दोन दिवस कोरडं होतं. दवाखान्यात जेमतेम पाच वाजेपर्यंत पुरेल एवढं पाणी उरलं होतं. टाकी धुऊन झाली की 'आत कोणी नाही, पाणी सोडायला हरकत नाही' या कागदावर ताईने सही करायची. त्या सहीशिवाय चावीवाला व्हॉल्व्हला हात लावत नसे.

धुवायला दोन टोळ्या होत्या.

त्याच वर्षी नगरपालिकेने राखीव सैनिकांच्या तुकडीशी करार केला होता. ही मंडळी एरवी दाताचे डॉक्टर, बँकेतले कारकून, ट्रकचालक; सुट्टीच्या दिवशी गणवेश चढवून कवायत करायची. पालिकेने त्यांना सरावासाठी जुनं गोदाम द्यायचं, त्यांनी पुरात मदतीला यायचं. कागदावर छान होतं. प्रत्यक्षात एक मिनिट पटत नव्हतं. पालिकेचे लोक त्यांना 'रविवारचे शूर' म्हणायचे. ते पालिकेला 'जांभई खातं' म्हणायचे.

पहिल्याच सरावाला कॅप्टनने पालिकेच्या कामगारांची हजेरी घेतली, तेव्हा मुकादम असा खवळला की करारात एक कलम घालावं लागलं. आपापली माणसं आपणच मोजायची. दुसऱ्याच्या माणसांना कुणी काही विचारायचं नाही.

त्या दिवशी सगळ्यांच्या अंगात पालिकेच्या भांडारातला एकसारखा राखाडी पोशाख होता. पायात गमबूट, नाकातोंडावर मास्क. दुरून कोण कुणाचा ते कळत नव्हतं. जवळून कळलं असतं, पण जवळ कोणी जात नव्हतं.

काम संपलं. मुकादमाने आपले सात मोजले. कॅप्टनने आपले आठ. ताईने स्वतः बॅटरी मारून टाकीचा कोपरा न् कोपरा पाहिला.

रिकामी.

तिने सही केली. एक वाजून आठ मिनिटांनी पाणी सुटलं.

एक वीसला आतून आवाज आला...

टण्. टण्. टण्.

लोखंडी शिडीवर कुणीतरी काहीतरी आपटत होतं.

ताईने तत्काळ पाणी बंद करायला लावलं. दोघांनी मिळून झाकण उचललं. ते दोघांशिवाय हलतच नाही, इतकं जड आहे. तळाशी वीतभराहून थोडं जास्त पाणी. शिडीची पहिली पायरी नुकती बुडालेली.

आत कोणी नाही.

पुन्हा मोजणी झाली. सात. आठ. सगळे बाहेर. पालिकेचे इंजिनिअर म्हणाले, लोखंड गार पाण्याने आकसतं, वाजतं, तुम्हाला मी काय सांगायचं. ताईला ते पटलं. तिनेही तेच म्हटलं असतं. एक पस्तीसला पाणी पुन्हा सुरू झालं.

एक सत्तेचाळीस...

टण्. टण्. टण्.

एक एकोणसाठ...

टण्. टण्. टण्.

दर बारा मिनिटांनी. ताईने हिशेब मांडला. पाण्याला एक पायरी चढायला बारा मिनिटं लागत होती. तिने हवेच्या नळीला कान लावला. पहिला आवाज खोल होता, घुमणारा. दुसरा थोडा बारीक. तिसरा आणखी बारीक.

वर रिकामी जागा कमी होत गेली की आवाज बारीक होतो, हे तिला ठाऊक होतं. पण प्रत्येक वेळी तो आवाज नुकत्याच बुडालेल्या पायरीच्या वरच्या पायरीवरून येत होता.

जो कोणी होता, तो पाण्याच्या पुढे एकेक पायरी वर चढत होता.

मध्ये दोनदा झाकण उघडलं. दोन्ही वेळा शिडी रिकामी. झाकण उघडं असेपर्यंत चिडीचूप. लावलं, की ठरलेल्या मिनिटाला...

टण्. टण्. टण्.

आता बाकीच्यांनाही ऐकू येत होतं. पण घाबरायच्या आधी ते भांडले.

मुकादम म्हणाला, यांचाच कोणीतरी मस्करी करतोय. कॅप्टन म्हणाला, "आमचे आठ आत गेले, आठ बाहेर आले. तुमचा कोणी उरला असेल तर तुमचं तुम्ही निस्तरा."

"आमचे सातही समोर उभे आहेत. मोजता येतं ना?"

"मोजायचं नाही असं तुम्हीच लिहून घेतलंय."

ताईने टाकी पूर्ण उपसायला सांगितलं. उपसून पुन्हा भरायला रात्र झाली असती, आणि टाकी भरल्याशिवाय दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही. तिथून तिसऱ्यांदा फोन आला होता. डायलिसिसच्या यंत्रावर सहा पेशंट होते.

इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "मॅडम, सही तुमची आहे. उपसायचं तर तसं लिहून द्या. आणि दवाखान्याला फोनही तुम्हीच करा."

ताईने वहीत पाहिलं. सात आणि आठ, पंधरा. दोन्ही मोजण्या तिच्यासमोर झाल्या होत्या. सहा पेशंट खरे होते.

ती म्हणाली, "चालू राहू दे."

त्यानंतर तिने दर बारा मिनिटांनी वेळ लिहिली. अक्षर शेवटपर्यंत सरळ आहे. मी पाहिलंय.

चार वाजून तेवीस मिनिटांनी आवाज थेट झाकणाखालून आला. तोवर बाकीचे ट्रकपाशी दोरखंड कुणाचे आणि फावडी कुणाची यावर हमरीतुमरीला आले होते. ताई एकटीच होती. तिने झाकणावर तळहात ठेवला.

टण्... तिच्या हाताला हादरा बसला.

तिने कडीला धरून ओढलं.

झाकण हलकं लागलं... खालून कुणीतरी हात लावावा तसं.

आत शेवटच्या पायरीच्या जरा खालपर्यंत पाणी. स्थिर. एक तरंगही नाही.

तिच्या हातून झाकण सुटलं आणि पुन्हा नेहमीच्या वजनाने आदळलं. चार पस्तीसला टाकी भरली. दवाखान्याला पाणी पोचलं. सहाही पेशंट वाचले. ताईने कुणाला काही सांगितलं नाही.

सगळे तुकडीच्याच ट्रकमधून परतले. मागे एका बाकावर पालिका, समोरच्या बाकावर तुकडी, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ताई पुढे चालकाशेजारी होती. गल्लीच्या तोंडाशी ती उतरली. ट्रक निघून गेला.

आठवड्याने दोन तक्रारी आल्या.

कॅप्टनने लिहिलं होतं: पालिकेचा एक कामगार नखशिखांत भिजलेल्या अंगाने आमच्या ट्रकमध्ये बसला. विचारलं तर उत्तर नाही. पालिकेच्या रसायनतज्ज्ञ बाई जिथे उतरल्या, तिथेच तोही उतरला.

मुकादमाने लिहिलं होतं: तुकडीचा एक माणूस भिजलेल्या कपड्यांनी ट्रकच्या फळीपाशी उभा होता. तो आमच्या मॅडमच्या मागोमाग उतरून त्यांच्या गल्लीत शिरला. त्याचं नाव आम्हाला मिळावं.

बैठक झाली. दोन्ही बाजूंनी दुसऱ्याकडे त्या माणसाचं नाव मागितलं. दोघांनी यादी दाखवली. सात. आठ. मग दोघेही ताईकडे वळले. तुमच्याबरोबर कोण उतरलं?

"कोणी नाही. मी एकटी उतरले."

दोघांनाही ते खोटं वाटलं. ती समोरच्यांच्या माणसाला पाठीशी घालतेय, असं प्रत्येकाने गृहीत धरलं. महिन्याभरात करार मोडला. त्या दिवसाबद्दल आजही पालिकेत ताईशी कुणी धड बोलत नाही.

बैठकीच्या दिवशी घरी येऊन तिने मला सगळं सांगितलं. दोन्ही तक्रारींच्या प्रतीही दाखवल्या. मग विचारलं, "त्या दिवशी दार तूच उघडलंस ना? मी एकटीच होते ना?"

मी हो म्हटलं.

दार मीच उघडलं होतं. ताई आत आली, चपला काढल्या आणि तडक हात धुवायला गेली. तिच्या मागे कोणी नव्हतं. मी नीट पाहिलं होतं.

तरी मी दार लावलं नाही. कडेला सरकून, दार धरून उभी राहिले...

दुसरं कोणी आत येऊन पुढे जाईपर्यंत आपण थांबतो ना, तेवढा वेळ.

मग लावलं.

हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही.