गाळलेली ओळ

दिवसभर नाना मेला की जगला कुणी विचारत नाही, आणि गच्चीवर अंधार पडला की हा केतन सुरू, "नाना, ती सांगा ना." बसा गप. मधे बोललात तर उठून जाईन.

गोष्ट माझ्या शेजारच्या देवदत्तची, ह्याच आपल्या मुलुंडच्या बिल्डिंगमधली. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार.

हा ज्यू लोकांच्या धर्मग्रंथाच्या जुन्या प्रती ताडून बघायचा. कुणी काय गाळलं, कुणी मागून काय घुसडलं. पीएचडी अडली होती एका ओळीपायी. ती हिब्रू प्रतींत आहे, जुन्या ग्रीक भाषांतरात नाही. हा म्हणे, मागून घातलीय. पण ती नसलेली एक तरी हिब्रू प्रत दाखवायला हवी ना!

ती मिळाली ठाण्याच्या दिघोडकरकाकांकडे. काका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. मराठी आपल्याहून चोख. त्यांच्यात पोथी झिजली की रद्दीत घालत नाहीत, माणसासारखी पुरतात. रविवारी पुरायची होती. त्यातला चामड्यावर लिहिलेला एक तुकडा काकांनी ह्याला रात्रीपुरता आणून दिला.

"ओळ नाही! नाना, बघा!"

मला काय, मुंग्याच दिसल्या.

काका म्हणाले, "अरे, लिहिणारा हे पान तपासायच्या आत वारला. मेलेल्याची चूक ती. तिच्यावर घर बांधू नकोस."

"चूक नाही काका. हीच खरी प्रत."

"आमचा लिहिणारा शब्द आधी तोंडानं म्हणतो, मग उतरवतो. देवाचं नाव आलं की थांबतो. त्याला चूक ठेवून जाणं सोसत नाही रे." एवढं बोलून काका गेले.

रात्री दीडला ह्यानं माझं दार बडवलं.

"नाना... माझ्या खोलीत कुणीतरी आहे."

गेलो. बंद दाराला कान लावला.

म्हातारा आवाज. एक शब्द. मग खरखर. शब्द. खरखर.

मग थांबला.

काहीच नाही...

देवदत्तनं माझा दंड आवळला. "नाना, तीच ओळ. पुढे... देवाचं नाव आहे."

आम्ही थांबलो. आतला पण.

मग... खरखर.

मी दार ढकललं. टेबलावरचा दिवा चालू. खुर्ची मागे सरकलेली. माणूस नाही. दिवा बंद केला, कडी लावली. हा उंबऱ्याबाहेरच.

सकाळी काका तुकडा न्यायला आले. दोन ओळींच्या मधे, बारीक अक्षरांत, गाळलेली ओळ. शाई काकांच्या बोटाला लागली.

देवदत्त माझ्यावरच उलटला. "आत तुम्हीच गेला होतात! माझ्या चार वर्षांची वाट लावलीत!"

मी? मराठीत सही करताना घाम फुटतो मला!

काकांना पुरावा दाखवायला ह्यानं मोबाईल काढला. आदल्या संध्याकाळचा फोटो.

फोटोतही ती ओळ होती.

आता मोबाईलात शिरून पण मीच लिहिलं काय? बोला की! जिन्यात भेटला तर मान खाली घालून निघून जातो. माफीचा एक शब्द नाही अजून. नाव लक्षात ठेवा. देवदत्त सबनीस.