अडखळणारा ठोका

जुन्या ध्वनिमुद्रणांतली खरखर काढणं हा धाकट्याचा धंदा. त्याच्या दादाने उभ्या आयुष्यात एकच आल्बम केला, तोही अँबियंट टेक्नोचा: गाणारं कोणी नाही, नुसते लांबट सूर आणि खालून ठोका. घेतला तो बहुधा नातेवाइकांनीच. तीन तुकडे ऐकताना अंगावर काटा यायचा; चौथ्यात मात्र ठोका तीनदा अडखळायचा आणि दरवेळी मध्ये नुसती पोकळी. "दादा, हे गाणं आहे की बिघडलेला फ्रिज?" धाकटा चिडवायचा, आणि टपली खायचा. लहानपणापासून दादाचा धाकच तसा. हाक आली की हातातलं टाकून ओ द्यायची.

आता दादा नव्हता. वहिनींना आल्बम पुन्हा काढायचा होता.

काढलेली खरखर टाकून देण्याआधी वेगळी ऐकायची, तिच्याबरोबर संगीत तर गेलं नाही ना ते बघायचं, ही या कामातली शिस्त. चौथ्या तुकड्याच्या खरखरीत, पहिल्या पोकळीच्या तोंडाशी, दादा विचारत होता, "जेवलीस का गं?"

धाकट्याचा हात आवाज बंद करायला पुढे झाला. शेजारी बसलेल्या वहिनी मात्र हरखल्या. "हो रे, जेवले," त्या बोलून गेल्या. पुढचा ठोका अडखळला नाही.

त्या दिवसापासून त्यांची भूक मेली.

पुढच्या खेपेला दुसरी पोकळी. "झोपलीस?"

"हो, झोपले."

त्यानंतर वहिनींच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पार वाळून गेल्या. धाकट्याने सगळं पुसायचं ठरवलं.

"भाऊजी, एकदाच. त्याचा आवाज दुसरा कुठे आहे हो माझ्याकडे?"

खरं तर त्यालाही ऐकायचा होता. फार आठवण यायची.

"पण उत्तर द्यायचं नाही," त्याने बजावलं. वहिनींनी तोंडावर हात दाबून धरला. त्याने स्पीकर लावला.

पहिल्या दोन जागा आता गप्प होत्या. तिसरी आली.

"छोट्या!"

"ओ!" धाकटा म्हणाला.

ठोका बरोब्बर जागेवर पडला.

वहिनींनी तोंडावरचा हात काढला. त्या त्याच्याकडेच बघत होत्या, पण नजर त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर होती.

"भाऊजी? कुठे गेलात?"

"अहो, इथेच तर आहे."

त्याचा आवाज स्पीकरमधून आला, किंचित खरखरत.