पृथ्वीचा उतार आठवडा

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, राज्य पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत, जयसिंगपूरच्या त्रिशला चौगुलेने दोनशे किलोंचा डेडलिफ्ट, म्हणजे बार जमिनीवरून मांडीपर्यंत उचलून ताठ उभं राहणं, पूर्ण केला. तिन्ही पंचांनी पांढरे दिवे लावले, म्हणजे उचल मान्य. मंगळवारी महासंघाचं परिपत्रक आलं, की सदर रविवारी अशी कोणतीही स्पर्धा झालेली नाही. परिपत्रकावर गोल शिक्का होता, त्यामुळे आपणही ते मानू. कोणी काही उचललं नाही. गोष्ट आधीच्या सोमवारपासून सुरू होते.

त्या सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण साठ टक्क्यांवर आलं.

त्रिशला तेव्हा डेअरीत दुधाची फॅट तपासत होती. कॅनमधून ओतलेलं दूध काहीच घाई नसल्यासारखं खाली उतरू लागलं. रांगेतले गवळी बघत राहिले. बाहेर कावळ्यांना तारेवर बसायला तीन-तीन प्रयत्न लागत होते. कृष्णेच्या बंधाऱ्यावरून पाणी वाळत घातलेल्या धोतरासारखं सावकाश सुटत होतं. गाव रस्त्यावर आलं, पण आरडाओरडा झाला नाही. जन्मल्यापासून खांद्यावर कुणाचा तरी हात होता आणि तो आज उचलला गेला, असं प्रत्येकाला वाटत होतं. तो हात होता, हेही आजच कळलं होतं.

मंगळवारी पुण्याहून डॉ. हेरंब नाडगौडा त्रिशलाच्या प्रशिक्षकांच्या, नेमगोंडा अण्णांच्या जिममध्ये आले. ते गुरुत्वाकर्षण मोजणारे शास्त्रज्ञ. गेल्या अकरा वर्षांत गुरुत्वाकर्षण किंचित, अगदी दशांशाच्या सातव्या घरात, वरखाली होत असल्याचा आलेख त्यांनी छापला होता. तो वर्तमानपत्रात बघून त्रिशलाने त्यांना महिन्यापूर्वी पोस्टकार्ड टाकलं होतं : ‘तीन चढ आणि एक उतार, असा हा आमच्या अण्णांच्या जिममधल्या फळ्यावरचा तक्ता आहे. चढ फार झालेत. मोठा उतार येईल.’ डॉक्टरांनी ते कार्ड सहकाऱ्यांना हसायला दाखवलं होतं. आता ते खिशात घेऊन आले होते.

“हा उतार म्हणजे नक्की काय?” त्यांनी विचारलं.

अण्णा सहासष्ट वर्षांचे. आदल्या दिवसापासून काठी न घेता चालत होते आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं त्यांना आवडत नव्हतं. “तीन आठवडे वजन वाढवत न्यायचं,” ते म्हणाले. “चौथ्या आठवड्यात पन्नास-साठ टक्क्यांवर आणायचं. उतार आठवडा. इंग्रजीत डिलोड म्हणत्यात. अंग कामानं मोडतं, विश्रांतीत जुळतं. आणि जुळताना पहिल्यापेक्षा थोडं जास्तच जुळतं.”

डॉक्टरांनी वही काढली. मग आपली बाजू सांगितली. जड वस्तू आजूबाजूचं अवकाश वाकवते, गादीवर माणूस बसला की गादी दबते तसं. त्या खळग्याकडे आपण घसरतो, त्यालाच आपण वजन म्हणतो. आजवर सगळे समजत होते, की गादी फुकट दबते. नाडगौडांचं म्हणणं, की ती दाबून धरायला श्रम पडतात. पृथ्वी साडेचार अब्ज वर्षं अवकाश वाकवून धरून उभी आहे. तिला जो थकवा येतो त्याला त्यांनी ‘गुरुत्वशीण’ असं नाव दिलं होतं.

“म्हणजे मधे एकदाही बार खाली ठेवला नाही तिनं?” अण्णांनी विचारलं.

“नाही.”

अण्णांनी जमिनीकडे बघितलं आणि पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

त्रिशलाची अडचण मात्र साडेचार अब्ज वर्षांची नव्हती, चार वर्षांची होती. चार वर्षं ती डेडलिफ्टमध्ये एकशे साडेसत्त्याण्णव किलोंवर अडकली होती. वय सदतीस. मणक्याची गादी सरकलेली, दोन महिन्यांनी ऑपरेशन. सर्जनने एकच स्पर्धा मंजूर केली होती, ती येत्या रविवारी. आणि हा आठवडा तिच्याही वेळापत्रकात उताराचाच होता.

“झालं की मग,” ती म्हणाली. “पृथ्वीच उतार लावून देतीय. मी नेहमीच्या प्लेटा उचलते, आपोआप साठ टक्के.”

“बार झाला. तुझं काय?” अण्णा म्हणाले. “जिन्यावर, मोरीत, झोपेत, सगळीकडं हलकी झालीस तू. आठवडाभर असं लाडात राहिलीस तर पाय विसरतील. रविवारी उतार संपला की पृथ्वी परत येणार. जास्त जुळून येणार.”

“जड होऊन?” डॉक्टर म्हणाले. “याला पुरावा नाही.”

“ही बघा की पुरावा,” अण्णांनी त्रिशलाकडे बोट दाखवलं. “सोळा वर्षं उतार देतोय. एकदा तरी हलकी होऊन परत आलीय का?”

डॉक्टरांनी गणित केलं. त्रेसष्ट किलोंची बाई साठ टक्क्यांवर आली, तर तूट पंचवीस किलोंची. “यांनी अंगावर पंचवीस किलो बांधून हिंडावं.”

“ते पंचवीसपण हलके झालेत की हो डॉक्टर.”

डॉक्टरांनी पंचवीसला साठ टक्क्यांनी भागलं. मग त्यांनी पंचवीस खोडून बेचाळीस लिहिलं.

गुरुवारी राज्यातल्या बाकीच्या खेळाडूंनी जी चूक केली, ती फक्त वजन उचलणारी माणसंच करतात : उतार आठवड्यात अंग हलकं लागतंय म्हणून जोर आजमावणं. अडीचशेचे, तीनशेचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. त्रिशला बेचाळीस किलो तांदूळ पोटापाठीला बांधून डेअरीत जात होती. गवळी आदराने बाजूला होत. “ताई, किती महिने?” एकाने विचारलं. “रविवारपर्यंत,” ती म्हणाली.

शनिवारी तिने बांधलेले तांदूळ सोडले. “अण्णा, सगळी हवेत आहेत आणि मी एकटी गोदाम झालीय. तुमचं चुकलं तर माझी ही शेवटची.”

“चुकलं तर मी पहिलवान नाही, तांदळाचा व्यापारी.”

ती हसली नाही. एकटीच अंगणात गेली, एकदा उंच उडी मारली, छपराच्या कडेला हात लावून सावकाश खाली आली. आठवड्यातली तेवढीच. मग आत येऊन तिने तांदूळ परत बांधले.

रविवारी सहा वाजून दहा मिनिटांनी हात परत खांद्यावर आला. एकशे तीन पूर्णांक एक दशांश टक्के.

वजन घेताना सगळा घोळ उघड झाला. काटा इलेक्ट्रॉनिक, खालची ओढ मोजणारा, त्यामुळे त्रेसष्टची त्रिशला पासष्टची भरली. सगळेच खेळाडू आपापल्या वजनगटाबाहेर गेले. नियमपुस्तकात मान्यताप्राप्त बार, प्लेटा, पट्टे, मोजे यांची यादी होती. गुरुत्वाकर्षणाची नव्हती. वादावादीनंतर ‘निर्णय राखून’ स्पर्धा सुरू झाली आणि आठवडाभर तरंगलेले पाय एकामागून एक बारवरून रिकामे परतले.

त्रिशलाने काय केलं हे सांगता येत नाही, कारण ते झालेलं नाही. दोनशे किलोंचा बार, त्या दिवशीच्या हिशेबाने दोनशे सहाचा, गुडघ्यापाशी थांबला, असं कुणी म्हणणार नाही. तो थांबला तेव्हा सभागृहातल्या सगळ्यांचा श्वास आणि पृथ्वी यांच्यामध्ये फक्त एक बाई होती, हेही नाही. आणि मग तो वर गेला नाही.

परिपत्रक आलं त्या मंगळवारी तिघं जिममध्ये बसली होती. अण्णांची काठी मांडीवर होती. त्रिशला परिपत्रक चौथ्यांदा वाचत होती.

“आता स्थिर झालंय,” डॉक्टर म्हणाले. “तीन टक्के. माणूस सवय करून घेईल.”

“स्थिर कुठलं. आता परत चढ.”

त्रिशलाने कागद खाली ठेवला. “अण्णा, एवढा मोठा उतार आपण कधी घेतो?”

“स्पर्धेच्या आधी.”

अण्णांच्या तोंडून ते सवयीने निघून गेलं. मग त्यांनी दाराबाहेर, वर बघितलं. डॉक्टरांनी लिहायला घेतलेलं पेन तसंच धरलं. बाहेर स्वच्छ ऊन होतं आणि वर निळं, मोकळं, प्रचंड असं काहीतरी होतं, ज्याला इतके दिवस ती तिघं आकाश म्हणत आली होती.

परिपत्रकासोबत अपिलाचा कोरा अर्ज होता. मुदत सात दिवस. त्यात त्रिशलाने दोनशे किलोंचा उल्लेख केला नाही. तिने लिहिलं :

‘प्रति, मा. आयोजक (जे कोणी असतील ते). विषय : पृथ्वीच्या आगामी स्पर्धेबाबत. महोदय, उपरोक्त स्पर्धेची तारीख, स्थळ व वजनगट, तसेच प्रतिस्पर्ध्याचे नाव, किमान सहा आठवडे अगोदर लेखी कळवावे. सदर स्पर्धेत आम्ही प्रेक्षक आहोत, पंच आहोत की प्लेटा आहोत, याचाही खुलासा व्हावा, ही नम्र विनंती.’