गुरुजींचा पाळीव कावळा

नव्या सुनेच्या हाती देवघर देतात, दूध-पेपरवाल्याची कटकट देतात. यशश्रीच्या हाती सासरच्यांनी कावळा दिला. रोज सकाळी पिंजरा झाडायचा, दहीभात घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या दहाव्याचं काम असलं की आदल्या संध्याकाळपासून त्याला उपाशी ठेवायचं.

"माझ्यापेक्षा त्याचे उपास कडक असतात," ती फोनवर आईला सांगायची.

कावळा पाळायची वेळ का आली, ते पंचवटीत वेगळं सांगावं लागत नाही. नदीकाठचे वड-पिंपळ रस्त्यापायी गेले. उंदरांना घातलेलं विष उंदरांतून कावळ्यांच्या पोटात गेलं. घाटावर पिंड मांडून माणसं रिकाम्या आभाळाकडे बघत उन्हात बसू लागली. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची काही इच्छा राहिली म्हणायचं; पण कावळाच नाही, तर रुसणार कोण? दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, तरी लोकांचं समाधान होईना. मग तिच्या सासऱ्यांनी, ढुंढिराज गुरुजींनी, तोडलेल्या पिंपळाखाली सापडलेलं एक पिल्लू वाढवलं. पायात लांब काळा दोरा. सोडला की झडप, पिंडाला शिवला, माणसं मोकळी.

यशश्रीच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि तिची आई गेली. सटाण्याच्या घरात एकटीच, झोपेत. भाऊ महेश अंबडला कंपनीत. त्या दिवशी त्याची रात्रपाळी होती. शेवटी आईला कुणाला हाक मारायची होती का, हे यशश्रीच्या मनातून जाता जात नव्हतं. आई मागे काही न ठेवता जावी, एवढंच तिला हवं होतं.

दहाव्याला गुरुजींनी स्वतःच पिंजरा उघडला. कावळा उड्या मारत पिंडापाशी गेला... आणि थांबला.

"काल चोरून काही घातलंस का त्याला?" तिच्या नवऱ्याने, देवव्रतने, तिच्या कानाशी विचारलं.

"नाही हो. पाणीसुद्धा नाही."

वारा पडला होता. कुजक्या निर्माल्याचा वास काठाशी साचून राहिला होता. गुरुजींनी महेशला खूण केली. "बोला काही. राहिलं असेल त्यांच्या मनात."

"आई, घर विकणार नाही," महेश हात जोडून म्हणाला. जरा वेळाने, "तुझ्या पाटल्या यशूलाच देतो."

कावळा हलला नाही. पाखरं मान तिरकी करून एका डोळ्याने बघतात. हा समोरून, दोन्ही डोळ्यांनी, यशश्रीकडेच बघत होता.

फोनवर आई शेवटी नेहमी एकच विचारायची, कधी येतेस? आणि यशश्रीचं उत्तरही ठरलेलं असायचं. तेच आता तिच्या ओठांवर आलं, अगदी हलक्या आवाजात.

"येते गं आई. तुझ्याकडेच येते. लवकर."

कावळा पुढे झाला. त्याने चोच मारली नाही. ती पिंडावर नुसती टेकवली, आणि डोळे मिटले.

माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. गुरुजी दोरा ओढू लागले. नुसता दोराच हातात आला. फास तसाच, गाठ तशीच. कावळा कुठेच नव्हता.

सगळे पायऱ्या चढून गेल्यावर गुरुजी तिच्याजवळ आले.

"सूनबाई, तू काय कबूल केलंस?"

"काही नाही, बाबा. आईशी बोलले नुसतं..."

"काय बोललीस?"

तिने सांगितलं. गुरुजी बराच वेळ ओले हात उपरण्याला पुसत राहिले.

"इतके दिवस मी त्याची भूक पुढे करत आलो," ते पुटपुटले. "आज तो भुकेसाठी आला नव्हता."

"मग... आता काय करायचं?"

गुरुजींनी तिचं मनगट धरलं. घरी येईपर्यंत ते सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून देवव्रतची हाक आली. यशश्री चहाचा कप घेऊन वर गेली. कठड्यावर कावळे बसले होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पंखाला पंख लावून. एकही ओरडत नव्हता.

"बघ, परत आले," देवव्रत मोबाइलवर फोटो काढत म्हणाला. "पर्यावरणवाले उगाच रडतात."

सासूबाईंनी भाताची मूठ ठेवली होती. त्या भाताकडे एकही कावळा बघत नव्हता. रांगेच्या मधोमध मात्र कठडा रिकामा होता. एक माणूस बसेल एवढाच.

यशश्रीने दाराच्या आतच पाय घट्ट रोवले. तिला कप हातात धरून ठेवायचा होता. हात मात्र तो सावकाश खाली ठेवत होता.