पाहुण्यांची बाजू

हाफटाइमची शिट्टी वाजली, पोरं लिंबाच्या फोडी चोखत बाजूला गेली, आणि तेवढ्यात पलीकडच्या उतारावर एक म्हातारी बाई बसल्या जागी कलंडली.

इंद्रजितनं ते माईकच्या टेबलापासून पाहिलं. विंझरच्या गुंजवणी फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी तोच आणि मॅचच्या दिवशी बोलणाराही तोच. नाक्यावर त्याचं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं. आठवड्याचे सहा दिवस तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्यानं तारा गुंडाळून बांधायचा आणि सातवा दिवस क्लबला द्यायचा. चार वर्षांत त्यानं शाळेमागच्या माळाचं मैदान केलं होतं. चुन्याच्या रेषा, जाळी लावलेले गोलपोस्ट, दोन मोठे स्पीकर, आपल्या संघानं गोल मारला की फटाक्यांची माळ. आपल्याकडे मॅचला जी मजा येते ती साऱ्या भोर-वेल्ह्यात कुठं येत नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

पाण्याची बाटली उचलून तो मैदान आडवं कापत धावला. वरवे बुद्रुकहून आलेली माणसं तिथं भर उन्हात, खडकावर बसली होती. समोरच्या संघाची माणसं तिथंच बसवायची पद्धत होती. म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन एक मुलगी ओढणीनं वारा घालत होती. तिनं बाटली घेतली, म्हातारीच्या ओठाला लावली आणि मग वर पाहिलं. उन्हानं लाल झालेले गाल, कपाळाला चिकटलेली बट आणि डोळ्यांत उघड उघड राग... तरीही इंद्रजितला नजर काढून घेता येईना.

काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, “एवढ्या उन्हाचं यायचं तर आजींनी पाणी पिऊन यायला हवं होतं.”

“आत्यानं सकाळपास्नं घोटभर पाणी घेतलं न्हाई,” ती म्हणाली. “मुद्दाम. आमी कुणीच घेतलं न्हाई.”

“मुद्दाम? ते का?”

“तुमच्या मैदानावर बाईमाणसानं जायचं कुठं, ते सांगा आधी. आडोसा हाय का कुठं? दोन तास कळ काढण्यापेक्षा तहानेलं बसलेलं बरं.”

तिचं बोलणं संपलं आणि मग स्पीकरमधून घुमलेले तेच शब्द समोरच्या डोंगरावरून परत आले. इंद्रजितनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. बिनवायरचा माईक त्याच्या मुठीतच होता आणि त्यावरचा हिरवा दिवा जळत होता.

मुलीनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं. इंद्रजितनं घाईनं माईक बंद केला. आता पोरं हसणार, शिट्ट्या मारणार... पण हसलं कुणीच नाही. विंझरच्या बाजूनं एक बाई उठून उभी राहिली. तिला माईकची गरज नव्हती.

“खरं बोलती पोरगी,” ती म्हणाली.

ती अंबूबाई होती. इंद्रजितची आई.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. आईनं त्याला जे सांगितलं ते ऐकून घास गिळायचं भानच राहिलं नव्हतं. चार वर्षं मॅचच्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नव्हती. गावातल्या निम्म्या बाया हाफटाइमला उठून जायच्या, त्या काही खेळ कळत नाही म्हणून नव्हे. आणि तो मात्र दर रविवारी माईकवरून म्हणायचा, बायकांना चुलीची आठवण झाली बघा. त्यावर माणसं हसायची. आईसुद्धा हसायची.

“मला एकदा तरी सांगायचंस,” तो म्हणाला.

“लेकाला असलं सांगायचं कसं?” अंबूबाई म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

मुलीचं नाव शेफाली आणि आत्याचं चंद्राबाई, एवढं त्याला त्यांना टेम्पोत बसवताना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून तो गाडीवर वरव्याला गेला. चंद्राबाई ओट्यावर शेंगा निवडत बसली होती, ठणठणीत. शेफाली तेवढ्यात कामावरून आली. जवळच्या एका कारखान्यात ती रबराच्या रिंगा तपासायची. गाडी पाहून ती थबकली.

“आत्याची चौकशी करायला आलात,” ती हळूच म्हणाली, “की माझी?”

“तुमची करायची अजून हिंमत न्हाई,” त्याच्या तोंडून निघून गेलं.

तिनं ओठ दाबून धरले, पण हसू डोळ्यांतून सांडलंच. त्यानं घाईघाईनं विचारलं, की मैदानावर आणखी काय काय चुकतं ते एकदा सांगाल का. ती म्हणाली, मी दिवसभर रिंगा तपासते, खोट दिसली की बाजूच्या टोपल्यात टाकते. तुमच्या मैदानावर बसले आणि दहा मिनिटांत टोपलं भरलं. पण सांगून ते कळणार नाही.

“येत्या रविवारी किकवीला आमची मॅच हाय. तिकीट काढून या. एसटीनं. आणि निघाल्यापास्नं पाणी प्यायचं न्हाई... आमच्यासारखं.”

तो गेला. नसरापूरच्या फाट्यावर आत्या-भाची त्याला भेटल्या आणि तिघं एसटीनं किकवीला पोचले. मॅच तीनची होती, पण प्रमुख पाहुणे यायचे होते म्हणून ती सव्वाचारला सुरू झाली. तोवर कुणी काही सांगेना. मग पाहुण्यांच्या स्वागताचा भलामोठा फ्लेक्स नेमका समोर लागला आणि अर्धं मैदान त्याच्यामागे गेलं. चंद्राबाईचे गुडघे धरलेले. तिला खाली बसता येईना आणि उभं राहिलं की मागची माणसं ओरडत. एकदा मोठा गलका झाला. गोल कुणी मारला, कुणाच्या बाजूनं गेला, इंद्रजितला काहीच कळलं नाही. स्पीकरवर गाणं लागलं होतं.

घसा कोरडा पडला होता, डोकं ठणकत होतं. त्याला खरा हादरा बसला तो वेगळ्याच गोष्टीनं. यातलं काहीही त्याला नवीन नव्हतं. हेच सगळं तो स्वतः दर रविवारी करत आला होता, फ्लेक्ससकट. फक्त इकडच्या बाजूनं त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं.

“किती भरलं टोपलं?” शेफालीनं विचारलं.

त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज मऊ झाला. “चला,” ती म्हणाली, “आता रस पिऊ.”

हायवेवरच्या रसवंतीत पंखा घरघरत होता. आल्याचा नि लिंबाचा वास, घुंगरांचा आवाज. चंद्राबाई खुर्चीत बसताच पेंगायला लागली. खच्चून भरलेल्या एसट्या न थांबता पुढं जात होत्या, आणि त्या तशाच जात राहाव्यात असं इंद्रजितला वाटत होतं. शेफालीनं सांगितलं, की आठवीपर्यंत ती मुलांबरोबर गोलकीपर म्हणून खेळायची. मग घरच्यांनी बंद केलं. तेव्हापासून आत्या तिला मॅच बघायला नेते. तेवढाच एक दिवस तिचा स्वतःचा.

मग ग्लासावरच्या थेंबात बोट फिरवत ती म्हणाली, “पुण्याचं एक स्थळ आलंय. चांगली नोकरी हाय. मुलगा म्हणाला, लग्नानंतर मैदानावर जायची काही गरज न्हाई.”

इंद्रजितला कुणीतरी छातीत कोपर मारावं तसं झालं. “मग... तुमी काय म्हणालात?”

“अजून काही म्हणाले न्हाई.”

तिनं वर पाहिलं. तो बोलेल म्हणून ती थांबली होती, हे त्याला कळत होतं. पण तेवढ्यात एक रिकामी एसटी समोर येऊन थांबली, चंद्राबाई खडबडून उठली, आणि बोलायचं राहूनच गेलं.

क्लबच्या बैठकीत अध्यक्ष रखमाजींनी त्याला वेड्यात काढलं. बायका मॅचला येतातच किती, म्हणाले. इंद्रजितनं शांतपणे सांगितलं, की मैदानावर बायकांसाठी पक्की सोय झाल्याशिवाय मी माईक हातात धरणार नाही. तुमी दुसरा माणूस बघा. इंद्रजितनं रखमाजींपुढे आवाज चढवला नव्हता, पण शब्द मागंही घेतला नव्हता. रखमाजी घरी गेले, त्यांच्या मंडळींनी त्यांना काय ऐकवलं ते कुणाला कळलं नाही, पण सकाळी सात वाजता ते स्वतः विटांचा ट्रॅक्टर घेऊन शाळेमागं हजर होते.

दोन आठवडे संघाचा सराव म्हणजे बायकांच्या स्वच्छतागृहाचा पाया खणणं नि विटा वाहणं. वेल्ह्याला जाणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ पाहून मॅचची वेळ ठरली आणि ती कुणासाठीही हलणार नाही, असं सगळ्या गावांना कळवलं गेलं. शाळेचे बाक बाहेर आले.

मार्चच्या शेवटच्या रविवारी गावोगावच्या स्पर्धेची फायनल होती. विंझर आणि वरवे. त्या दिवशी करंजाच्या सावलीतली विंझरकरांची नेहमीची जागा बाकांसकट समोरच्या संघाच्या माणसांना दिली गेली आणि विंझरकर उन्हात बसले. कुरकुर झाली, पण इंद्रजितनं हसून ती अंगावर घेतली. वरव्याहून तीन टेम्पो भरून माणसं आली. एवढी बायामाणसं या मैदानावर त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. नऊवारीतल्या, पंजाबी ड्रेसमधल्या, कडेवर पोर घेतलेल्या. तो नुसता बघतच राहिला.

तो एकेकाला जागा दाखवत होता, पाण्याचे तांबे देत होता. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ त्याला सोडेचनात. दुकान स्वतःचं की भाड्याचं, शेती किती, तंबाखू खाता का... बोलकी दिसतात माणसं, असं मनाशी म्हणत त्यानं सगळ्याची नीट उत्तरं दिली. शेजारच्या दोन बायका त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होत्या. हाफटाइमला एकही बाई घरी गेली नाही.

वरव्यानं दोन-एकनं मॅच जिंकली. विंझरकरांनी टाळ्या वाजवल्या, आणि इंद्रजितला हरल्याचं दुःखही धड करता येईना, कारण शेफाली समोरून चालत येत होती. आज तिच्या केसांत अबोलीचा गजरा होता.

“आज टोपल्यात काही पडलं का?” त्यानं विचारलं.

“न्हाई.” ती थांबली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “एक सांगायचं होतं. रागवू नका. आमची समदी माणसं आज मॅच बघाया आली न्हवती.”

“मग?”

“मुलगा बघाया आली होती.”

त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं मान वळवून करंजाखाली पाहिलं. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ त्याच्याकडेच बघत होते.

“ते... तुमचे...”

“वडील. त्या दोघी माझ्या काकू. पुण्याच्या स्थळाला मी मंगळवारीच न्हाई म्हणाले. घरी लई गोंधळ झाला. मग आत्या म्हणाली, आधी माणूस तर बघा.” तिनं एकवार करंजाकडे पाहिलं. “तुमाला न विचारता आणलं सगळ्यांना. तुमच्या मनात तसं नसंल तर सांगा... मी आत्ता टेम्पोत बसवते त्यांना.”

तासभर आपली परीक्षा चालली होती आणि आपण तांबे वाटत फिरत होतो. पण तिच्या डोळ्यांतली भीती इंद्रजितनं पाहिली आणि मनातलं सांगून टाकायचं ठरवलं.

“किकवीहून आल्यापास्नं मी रोज संध्याकाळी वरव्याला यायला निघतो,” तो म्हणाला. “नसरापूरच्या फाट्यापर्यंत येतो. तुमाला काय सांगायचं ते तिथपर्यंत पाठ असतं. मग गाडी वळवतो नि माघारी जातो.”

“रोज?”

“रोज.”

ती त्याच्याकडे बघत राहिली, बघता बघता तिचे डोळे भरून आले आणि त्यातूनच ती हसली.

“मग आता सांगा की,” ती म्हणाली. “पाठ केलेलं.”

त्याला एक शब्दही आठवेना. तो पुढं झाला आणि सगळ्या काकू-मामींच्या देखत त्यानं तिचा हात हातात घेतला. तिनं तो सोडवून घेतला नाही. करंजाखाली चंद्राबाईनं सरकून बाकावर जागा केली, अंबूबाई तिच्या शेजारी टेकली आणि पांढऱ्या मिशांच्या व्याह्याला विचारू लागली, की तिथी कधीची धरायची.